दगडी पाला आणि रक्ताची गुठळी: वनस्पतीच्या अर्काची चाचणी प्रयोगशाळेत कशी लावायची

गवत कापताना विळा बोटाला लागला की बांधावरचा दगडी पाला खुडायचा, तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. एकदांडी म्हणा, कंबरमोडी म्हणा, झाड तेच. माझ्या आजीने माझ्या गुडघ्यावर तो कितीदा पिळला असेल याची गणती नाही. हे झाड मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं, पण आपल्या रस्त्याकडेला असं रुजलंय की त्याला परकं म्हणायला जीभ वळत नाही. बी.फार्म. आणि एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पाला विषय शोधतात तेव्हा दरवर्षी कुणी ना कुणी हेच झाड घेऊन येतं: ‘मॅडम, याने रक्त लवकर गोठतं का ते बघायचंय.’

विषय चांगला आहे. खर्च आवाक्यातला आहे. वॉटर बाथ, सेंट्रीफ्यूज, स्टॉपवॉच आणि रक्ततपासणीच्या कोणत्याही लॅबमध्ये मिळणारे दोन किट एवढ्यावर काम सुरू होतं. तरीही या चाचणीत चुकीचं उत्तर मिळणं फार सोपं आहे, आणि ते खऱ्याइतकंच देखणं दिसतं. म्हणून खाली पायऱ्यांबरोबर प्रत्येक पायरीवर कुठे पाय घसरतो तेही सांगते.

आधी प्रश्न नीट ठरवा

जखमेतलं रक्त थांबतं त्यामागे बऱ्याच गोष्टी असतात. रक्तवाहिनी आकुंचन पावते, प्लेटलेट चिकटून बूच तयार करतात, मग प्लाझ्मातले घटक एकामागून एक जागे होऊन फायब्रिनचं जाळं विणतात. शिवाय तुरट रस ऊतींमधली प्रथिनं आवळून धरतो, तो भाग वेगळाच. आपण ज्या दोन चाचण्या लावणार, पीटी (प्रोथ्रोम्बिन टाइम) आणि एपीटीटी (ॲक्टिव्हेटेड पार्शियल थ्रोम्बोप्लास्टिन टाइम), त्या प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. त्यांना यातली फक्त फायब्रिनच्या जाळ्याची गोष्ट दिसते. लसूण आणि आलं यांचा परिणाम मुख्यतः प्लेटलेटवर होतो, त्यामुळे त्यांचा अर्क या चाचण्यांत निरुपद्रवी दिसू शकतो. त्यासाठी प्लेटलेट एकत्र येण्याची चाचणी लागते. गुस्ताव्ह बॉर्न यांनी १९६२ मध्ये दिलेली प्रकाशमापनाची पद्धत त्याकरता आजही वापरतात, पण तिचं यंत्र वेगळं आणि महाग.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे आणि ती समजायला एक जुनी हकीकत उपयोगी पडते. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि खराब झालेल्या स्वीट क्लोव्हर गवताचा भारा घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या गटाला गवतातला दोषी पदार्थ, डायकुमरॉल, शुद्ध रूपात हाती यायला १९३९ उजाडलं. त्याच वाटेवर पुढे वॉरफरिन आलं: १९४८ मध्ये उंदीर मारायला आणि १९५४ पासून माणसांच्या उपचाराला. आता गंमत अशी की डायकुमरॉल किंवा वॉरफरिन थेट प्लाझ्मात टाकलं तर चाचणीत काहीच दिसत नाही. ही द्रव्यं यकृतात व्हिटॅमिन के पुन्हा वापरण्याजोगं होण्याची क्रिया अडवतात, त्यामुळे गोठणघटक अर्धवट तयार होतात आणि परिणाम दिसायला दिवस लागतात. नळीत यकृत नाही. इतकं जबर औषध या चाचणीच्या नजरेतून निसटतं, म्हणून ‘अर्काचा परिणाम दिसला नाही’ हे वाक्य ‘झाडात गुण नाही’ असं कधीच वाचायचं नाही.

यालाच लागून एक चूक प्रबंधांत पुन्हा पुन्हा दिसते: रासायनिक तपासणीत कुमरिन आढळलं, म्हणून अर्क रक्त पातळ करतो. साधं कुमरिन रक्त पातळ करत नाही. गवतावर बुरशी आली तेव्हा तिने कुमरिनपासून डायकुमरॉल बनवलं. कुमरिनच्या रंगचाचणीवरून असा निष्कर्ष काढू नका.

झाड, ओळख आणि अर्क

पानं गोळा कराल त्याच दिवशी फुलाफळांसह एक फांदी दाबून ठेवा आणि ओळख पटवून घ्या. पुण्यात आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम ही त्यासाठीची ठिकाणं. नमुना क्रमांक मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाजारातून आणलेल्या वाळलेल्या पाल्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. रस्त्याच्या कडेची, तणनाशक मारलेल्या शेतातली पानं टाळा.

पानं धुऊन सावलीत वाळवा, दळा, चाळा. ५० ग्रॅम पूड ५०० मिली ७०% इथेनॉलमध्ये तीन दिवस भिजत ठेवा, अधूनमधून हलवा, गाळा, आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या आसपास आटवा. राहिलेला गाळ डेसिकेटरमध्ये कोरडा करून वजन करा आणि उतारा टक्क्यांत लिहा. घाईने उकळत्या पाण्यावर आटवलेला अर्क हा दुसराच पदार्थ होतो.

माझा आग्रह असा की इथेनॉलच्या अर्काबरोबर ताज्या पानांचा रसही तपासा. आजी इथेनॉल वापरत नव्हती. ताजी पानं थोड्या सलाइनमध्ये वाटा, फडक्यातून पिळा, सेंट्रीफ्यूज करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि त्याच दिवशी वापरा. परंपरेचा दावा या रसाबद्दल आहे. इथेनॉलमध्ये न उतरलेली विकरं आणि श्लेष्मल पदार्थ त्यात असतात.

कोरडा अर्क विरघळवताना बहुतेक जण सवयीने फॉस्फेट बफर घेतात. इथे तो नको. फॉस्फेट कॅल्शियमला धरतं, आणि आपली सगळी चाचणी कॅल्शियमवर उभी आहे. साधं सलाइन किंवा हेपेस बफर घ्या. विरघळत नसेल तर डीएमएसओ हा द्रावक चालेल, पण प्लाझ्मात त्याचं अंतिम प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. मग द्रावणाचा पीएच मोजा आणि ७.४ ला आणा. हे वाक्य अधोरेखित करा. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या अर्काने एपीटीटी दोन मिनिटांच्या पुढे गेलं. सगळा वर्ग खूश. रात्री मी अर्काचा पीएच पाहिला, तो पाचच्याही खाली होता. सकाळी पीएच सारखा करून चाचणी लावली आणि आकडा कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न घातलेल्या नळीच्या, शेजारी येऊन बसला. तिची तीन महिन्यांची मेहनत होती. तो दिवस आम्हा दोघींनाही विसरता येत नाही. तेव्हापासून पीएचची नोंद असल्याशिवाय मी कुणाची वही तपासत नाही.

रक्त आणि प्लाझ्मा

माणसाचं रक्त घ्यायचं म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी आणि दात्याची लेखी संमती आधी. वर्गमित्रांचं रक्त असलं तरीही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याची चौकट दिलेली आहे. दाता निरोगी असावा, आणि रक्त पातळ करणारं कोणतंही औषध घेत नसावा. प्लेटलेटचं काम करणार असाल तर गेल्या दहा दिवसांत त्याने ॲस्पिरिन किंवा दुसरी वेदनाशामक गोळी घेतलेली नसावी.

रक्त प्रशिक्षित तंत्रज्ञानेच काढावं. दंडाला पट्टा एका मिनिटाहून जास्त बांधून ठेवायचा नाही आणि शीर एकाच टोचणीत मिळायला हवी. शोधाशोध झाली की ऊतीतले घटक रक्तात उतरतात आणि गोठण्याची क्रिया सुरू होते. निळ्या बुचाची नळी घ्या, म्हणजे ३.२% सोडियम सायट्रेटची. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नळीत रक्त गोठत नाही. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण अर्धवट भरलेल्या नळीत सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटी लांबते. तीन-चार वेळा हळुवार उलटी करा. खळखळ हलवू नका.

लगेच १५०० जी वर १५ मिनिटं फिरवा. ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, तो आणि मिनिटाचे फेरे एकच नव्हेत. सूत्र असं: त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर १५०० जी साठी मिनिटाला सुमारे ३६६० फेरे लागतात. वरचा दोन तृतीयांश प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या पिपेटने उचला, मधल्या पांढुरक्या थराला स्पर्श करू नका. प्लाझ्मात प्लेटलेट मायक्रोलिटरला दहा हजारांच्या खाली राहिल्या पाहिजेत. पिवळसर, पारदर्शक प्लाझ्मा ठीक. लालसर आला तर पेशी फुटल्या आहेत, तो टाकून द्या.

प्लाझ्मा बर्फावर ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका, थंडीने सातवा घटक (गोठणघटक क्रमांकाने ओळखतात) आपसूक जागा होऊ शकतो. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि एपीटीटी चार तासांत उरका.

चाचणी लावणे

रंगीत अर्क आणि प्रकाशावर चालणारं यंत्र यांचं जमत नाही. हिरवट-तपकिरी द्रावणात यंत्राला गुठळी दिसत नाही किंवा नसलेली दिसते. चेंडू फिरवून मोजणारं यांत्रिक यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर काचेच्या नळ्या आणि हात. हाताने केलेली चाचणी कमी प्रतीची असते हा समज मला मान्य नाही, फक्त हात बसावा लागतो. पहिले दोन दिवस नुसत्या प्लाझ्मावर सराव करा. पीटीच्या जोडीत, म्हणजे एकाच प्लाझ्माच्या दोन नळ्यांत, एका सेकंदाच्या आत फरक येऊ लागला की अर्काकडे वळा.

मिश्रण असं: ९० मायक्रोलिटर प्लाझ्मा, १० मायक्रोलिटर अर्क, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं. ही वेळ प्रत्येक नळीला सारखीच हवी. त्यासाठी नळ्या एकदम न ठेवता अंतराने ठेवा.

पीटीसाठी थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणक्रिया सुरू करणारं द्रव्य) आणि कॅल्शियमचा रीएजंट आधीच ३७ अंशांला गरम असावा. २०० मायक्रोलिटर जोराने सोडा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबा. नळी बाथमध्ये हलवत राहा. सात-आठ सेकंदांनंतर बाहेर काढा, बाहेरची बाजू पुसा आणि दिव्यासमोर तिरकी-सरळ करत राहा. फायब्रिनचा पहिला तंतू दिसला की थांबवा. निरोगी प्लाझ्माचं उत्तर साधारण ११ ते १४ सेकंदांत येतं, किटप्रमाणे थोडं मागेपुढे. आर्मंड क्विक यांनी ही चाचणी १९३५ मध्ये मांडली आणि तिचा गाभा अजून तोच आहे.

एपीटीटीत दोन टप्पे आहेत. त्याच मिश्रणात १०० मायक्रोलिटर एपीटीटी रीएजंट घाला आणि किटवर लिहिलेली मिनिटं, बहुधा तीन ते पाच, ३७ अंशांला ठेवा. मग ०.०२५ मोलर कॅल्शियम क्लोराइड, गरम केलेलं, १०० मायक्रोलिटर घालून घड्याळ सुरू करा. वीस सेकंदांनंतर नळी तिरकी करायला लागा. निरोगी उत्तर साधारण २५ ते ४० सेकंद. एपीटीटीत १८० आणि पीटीत १२० सेकंदांपर्यंत वाट पाहा, नंतर ‘गोठलं नाही’ असं लिहा. ‘१८०’ हा आकडा सरासरीत मिसळू नका.

घड्याळ धरणाऱ्याला नळीत काय आहे ते कळता कामा नये. नळ्यांवर दुसऱ्याने सांकेतिक अक्षरं टाकावीत आणि क्रम सरमिसळ करावा. पहिला तंतू कधी दिसला हे शेवटी डोळ्याने ठरतं, आणि डोळा मनाचं ऐकतो. अर्कावर आपली श्रद्धा असेल तर तो अर्धा सेकंद आधी थांबवतो. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या प्लाझ्माची एकेक जोडी लावा. दोन्हींत फरक पडला तर रीएजंट दमलाय.

कंट्रोलच्या नळ्या

माझ्या मते खरा प्रयोग इथे आहे. अर्काची नळी एक आणि तिला प्रश्न विचारणाऱ्या नळ्या सहा, असं प्रमाण पडलं तरी खेद नको.

सलाइनची नळी हवीच, कारण १० मायक्रोलिटर काहीही घातलं तरी प्लाझ्मा पातळ होतो. अर्क ज्यात विरघळवला ते द्रावण, त्याच पीएचचं, तेवढंच, ही दुसरी. वेळ लांबवणारा ओळखीचा पदार्थ म्हणून हेपरिन घ्या. प्लाझ्मात मिलीला ०.३ युनिटच्या आसपास असेल तर एपीटीटी स्पष्ट लांबतं. पीटी मात्र हलणार नाही, कारण बहुतेक पीटी रीएजंटमध्ये हेपरिन निष्प्रभ करणारं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. हे माहीत नसलेली मुलं घाबरून नवीन किट मागवतात.

पुढची नळी सगळ्यांत बोलकी: प्लाझ्मा आणि अर्क, कॅल्शियम नाही, रीएजंट नाही. दहा मिनिटं ठेवून उजेडात पाहा. सायट्रेट असलेला प्लाझ्मा असा गोठता कामा नये. गोठला तर तीन शक्यता आहेत. अर्कातच भरपूर कॅल्शियम आहे. किंवा त्यात फायब्रिनोजेन तोडणारं प्रथिनविघटक विकर आहे. रुईच्या चिकात अशी विकरं आहेत. किंवा ती गुठळी नव्हेच, टॅनिनने प्रथिनं साकळली आहेत. तिन्ही ओळखायला सोप्या युक्त्या आहेत. अर्क दहा मिनिटं उकळून गार करून पुन्हा लावा, विकर असेल तर गुण बहुधा जाईल. टॅनिनसाठी पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या अविद्राव्य पुडीबरोबर अर्क ढवळा, सेंट्रीफ्यूज करा आणि वरचं पाणी तपासा. साकळलेलं प्रथिन भुरकट, कणकण दिसतं. फायब्रिनची गुठळी काचेच्या काडीला लवचिक जेलीसारखी लागते. दोन्ही एकदा शेजारीशेजारी पाहा, पुन्हा फसणार नाही.

दगडी पाल्यात टॅनिन आहे, त्यामुळे ही तपासणी त्याच्यासाठी चुकवता येत नाही. आणि टॅनिनने साकळणं म्हणजे आजी चुकली असंही नव्हे. जखमेवर तुरट रसाने रक्त थांबू शकतं, हिरडा आणि तुरटी याच कामाला लागतात. फक्त त्याला ‘गोठणक्रियेला चालना’ म्हणता येत नाही.

हिरडा किंवा डाळिंबाची साल घेणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. त्यांत एलॅजिक ॲसिड असतं, आणि काही एपीटीटी किटमध्ये क्रिया सुरू करणारा पदार्थ हाच असतो. तो बाराव्या घटकाला जागं करतो. म्हणजे अर्क आणि किट एकच काम करत असतात आणि निकाल कुणाचा ते सांगता येत नाही. सिलिकावर चालणारं दुसरं किट आणून ताडून पाहा.

वेळ लांबली तर पहिला संशय कॅल्शियमवर. आंबट चुका, अळू, पालक अशा पाल्यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. एपीटीटी दुप्पट तीव्रतेच्या, ०.०५० मोलर कॅल्शियम क्लोराइडने पुन्हा लावा, आणि सलाइनची नळीही त्याच तीव्रतेने लावा, कारण जादा कॅल्शियमने वेळ आपोआपही बदलते. अर्काचा परिणाम त्यात विरघळून गेला तर तुम्ही औषध नव्हे, ऑक्झलेट मोजत होता. हे सगळं पार करूनही वेळ लांबलेलीच राहिली तर थ्रोम्बिन टाइम लावा, म्हणजे प्लाझ्मात थेट थ्रोम्बिन घालून गोठण्याची वेळ मोजा. तोही लांबला तर काम शेवटच्या टोकाशी, थ्रोम्बिन किंवा फायब्रिनोजेनपाशी आहे. एपीटीटी एकटंच लांबलं तर आतल्या मार्गावर, म्हणजे बाराव्या घटकापासून सुरू होणाऱ्या साखळीत, शोधा.

मात्रा, आकडे आणि लिखाण

किमान चार मात्रा घ्या. १० मिलीग्रॅम प्रतिमिलीच्या द्रावणातून १० मायक्रोलिटर घेतलं तर प्लाझ्मात ते १ मिलीग्रॅम प्रतिमिली होतं, आणि रीएजंट घातल्यावर पीटीच्या नळीत ०.३३. कुठला आकडा लिहिताय ते स्पष्ट सांगा. वजन मनात आणायला एक हिशोब: मोठ्या माणसात सुमारे तीन लिटर प्लाझ्मा असतो. म्हणजे १ मिलीग्रॅम प्रतिमिली गाठायला तीन ग्रॅम कोरडा अर्क, एक कणही न गमावता, थेट रक्तात उतरायला हवा. पोटातून असं होत नाही. जखमेवर लावलेल्या रसात मात्र ही तीव्रता शक्य आहे, म्हणून दगडी पाल्यासाठी जखमेचीच चर्चा करावी.

एका दात्याच्या प्लाझ्मावर दहा नळ्या लावल्या तर नमुना संख्या दहा होत नाही, ती एकच राहते. किमान पाच-सहा दाते घ्या, प्रत्येकाची अर्काची आणि सलाइनची वेळ जोडीने तुलना करा. निकाल सेकंदांत आणि सलाइनशी गुणोत्तरात द्या. आयएनआर (पीटीवरून काढलेलं प्रमाणित गुणोत्तर) देऊ नका. ते मोजमाप व्हिटॅमिन के विरोधी औषध घेणाऱ्या रुग्णांसाठी बनलं आहे.

शेवटचं वाक्य कसं लिहावं याचा नमुना देते, कारण तिथेच सगळी शिस्त सुटते: ‘७०% इथेनॉलमधील पानांच्या अर्काने, प्लाझ्मातील १ मिलीग्रॅम प्रतिमिली तीव्रतेला, पीएच ७.४ वर, सहा दात्यांच्या प्लाझ्मात एपीटीटी सलाइनच्या तुलनेत इतक्या पटीने बदललं. पीव्हीपीपीने टॅनिन काढल्यावर आणि कॅल्शियम वाढवल्यावर परिणाम टिकला किंवा टिकला नाही.’ ‘हा अर्क रक्तस्राव थांबवतो’ असं या चाचणीच्या जोरावर लिहू नका. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसाने ते वाचून घरी काढा केला तर धोका त्याच्या जिवाला आहे. त्याने कोणताही पाला-काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

टेबल आवरताना सुया पांढऱ्या टोचणीरोधक डब्यात जातात. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत. प्लॅस्टिकच्या नळ्या आणि टिप लाल पिशवीत, काचेच्या नळ्या निळ्या खुणेच्या डब्यात. उरलेल्या प्लाझ्मावर आधी सोडियम हायपोक्लोराइटची प्रक्रिया करा. अर्क थोडा उरला असेल तर छोट्या कुप्यांत भागून उणे २० अंशांवर ठेवा आणि कुपीवर हर्बेरियमचा क्रमांक, तारीख आणि पीएच लिहा. परीक्षक सहा महिन्यांनी शंका काढतील तेव्हा तीच कुपी काढून चाचणी पुन्हा लावता येईल.